बाच्या उंचीची सीट

तलासरीला हायवेच्या कडेला आता जिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात, तिथे मनुकाकांचं सायकलचं दुकान होतं. परवा डहाणूहून घरी येताना बसमधून उतरले आणि पाय आपोआप तिकडे वळले. दुकान नाही हे मला ठाऊक होतं. मागची चिंचही कापली आहे हे मात्र ठाऊक नव्हतं. बुंधा तेवढा राहिलाय, आणि त्यावर रसवंतीवाल्याने बर्फाची लादी ठेवली होती. मी तिथे उभी राहून उगाच नाकाने घासलेट शोधत होते. रसवाल्याने दोनदा विचारलं, ताई, हाफ का फुल? मग लाज वाटून एक हाफ घेतला.

त्या जागेचा वास माझ्या डोक्यातून कधीच गेलेला नाही. घासलेट, ओला गंज, रबर जाळल्याचा धूर आणि वरून चिंचेच्या पाल्याची आंबूस हवा. त्या वासात मी माझी सहा वर्षं काढली आहेत. रोज तिथे होते असं नव्हे, पण आमच्या घराचं सगळं अडकून पडलेलं तिथेच होतं.

आमच्याकडचे पुष्कळ पुरुष भात कापून, झोडून झालं की गुजरातच्या बंदरांवर बोटींवर कामाला जातात. ते उन्हाळ्यात, भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या सुमाराला परत येतात. आमच्या पाड्यापासून तलासरी सात किलोमीटर, तिथून हायवेची बस. मग सायकल कुठे ठेवायची? ती मनुकाकांकडे ठेवायची. दुकानामागे चिंचेखाली सायकलींची रांग लागायची. प्रत्येक जण आपल्या हँडलला घरातल्या चिंधीचा तुकडा बांधून जायचा. कोणाची बायकोच्या लुगड्याची, कोणाची पोराच्या फाटक्या शर्टाची. आमची चिंधी माझ्या जुन्या फ्रॉकची होती, पिवळी, बारीक ठिपक्यांची. दसऱ्याला जी सायकल दुकानात असेल तिला झेंडू मिळायचा, पण या सायकली दसऱ्यानंतर यायच्या, म्हणून काका त्यांना होळीला गुलाल लावायचे. मालक समुद्रावर आणि सायकली इथे गुलाल लावून उभ्या. त्यांच्याकडे बघून मला हसू यायचं.

मग एप्रिल-मे महिन्यात माणसं परतायची. खांद्यावर सुक्या बोंबलांची बोचकी, अंगाला डिझेलचा वास, आणि प्रत्येकाला घरी जायची घाई. पण सायकल हलायची नाही. सहा महिन्यांचं दव आणि हायवेची धूळ तिच्या सांध्यासांध्यात बसलेली असायची. पायडल जाम, ब्रेक जाम, कोणाचं मागचं चाकच फिरायचं नाही. मग काका एकेक सायकल आडवी करायचे, बाटलीच्या बुचाला पाडलेल्या भोकातून घासलेटचे थेंब सोडायचे आणि हातोडीने हलके हलके ठोकायचे. जोरात कधीच नाही. टिक टिक, थांबायचं, परत टिक टिक. माणूस घाई करायला लागला की म्हणायचे, "शांतिथी, भाई, शांतिथी. जोर केलास तर आटा जाईल, मग काय करशील?"

काकांचं मूळ घर उंबरगावकडचं. त्यांच्या मराठीत गुजराती अशी मिसळलेली असायची की आम्हांला ते आमचंच बोलणं वाटायचं. बोल्ट सोडवायच्या आधी ते तो अर्धी चिमूट आवळून बघायचे. नुसता सोडायला गेलं तर तो हट्टाला पेटतो, आधी त्याच्या मनासारखं थोडं करावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार आवडायचं. घरी कोणी रुसलं की मी तेच करून बघायचे, आणि कधी कधी उपयोगही व्हायचा.

माझा बा उंच होता. आमच्या पाड्यात एवढा उंच दुसरा कोणी नव्हता. सायकलच्या सीटचा पाईप त्याने जेवढा वर येईल तेवढा वर काढला होता, आणि तरी पाय टेकवताना त्याला सायकल तिरकी करावी लागायची नाही. मी मागे कॅरिअरवर. समोर नुसती त्याची पाठ दिसायची, आणि त्या पाठीआडून शेतं, ताडाची झाडं, नागलीची उतरण तुकड्यातुकड्याने सरकायची. रस्ता मी कधी समोरून पाहिलाच नव्हता.

२०१४ साली भात झोडून झाल्यावर तो निघाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तलासरीपर्यंत मी आणि आई दोघीही गेलो होतो, आई चालत, मी कॅरिअरवर. त्याने सायकल चिंचेला टेकवली, चिंधीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली, दोन्ही टायर अंगठ्याने दाबले. काकांना म्हणाला, "बघा हां." काका म्हणाले, "तू जा ने." बस आली. बा चढताना वाकला, कारण प्रत्येक दारात त्याला वाकावं लागायचं. आई त्याला काही बोलली नाही, तोही नाही. आमच्याकडे निघताना बोलत नाहीत.

त्या वर्षी राब भाजायला बा आला नाही.

कुठे काय झालं, कोणाची बोट कुठे गेली, कोणी कोणाला हाका मारल्या, हे मला नंतर इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितलं की आता त्यातलं काहीच माझं नाही. समुद्रात हद्द असते आणि ती दिसत नाही, एवढंच कळलं. बा हद्दीपलीकडच्या देशातल्या तुरुंगात होता. त्याच्याबरोबर आमच्या भागातले आणखी चौघे. एक माणूस मोबाइलवर फोटो घेऊन आला होता, पाण्यात उभ्या बोटींचा. त्यात माणसंच दिसत नव्हती. आईने तो फोटो खूप वेळ बघितला, मग मोबाइल परत देताना पदराने काच पुसून दिली.

मे महिन्यात चिंचेखालच्या सायकली एकेक करून सुटल्या आणि गेल्या. आमची तेवढी राहिली. पावसाळ्यात काकांनी तिच्यावर खताची पोती शिवून टाकली. आम्ही ती घरी का आणली नाही, असं कोणीही विचारेल. चुलत्याने विचारलं. आई म्हणाली, "तो ठेवून गेला. तोच आणंल."

मग पत्र आलं. पाकीट कितीदा उघडलं आणि चिकटवलं होतं कोण जाणे. बाला लिहिता येत नव्हतं, आणि पत्र गुजरातीत होतं, म्हणून आम्ही ते घेऊन मनुकाकांकडे गेलो. काकांनी हात चिंधीला पुसले, चष्मा लावला आणि आधी मनातल्या मनात वाचलं. आई त्यांच्या ओठांकडे बघत होती. मग त्यांनी मराठीत सांगितलं. मी मजेत आहे. तुम्ही मजेत असाल. घर, बैल, सायकल, सगळं आहे तसंच ठेवा. मी येतोच. खाली शाईचा अंगठा होता.

"बैल कुठं हाय आपल्याला?" मी म्हटलं.

"चुकलं असंल लिहिणाऱ्याचं," आई म्हणाली. "सायकलीचं परत वाचा, मनुभाई."

काकांनी परत वाचलं. आहे तशीच ठेवा.

त्या दिवसापासून आईने ते वाक्य धरलं. घरात तसं ठेवण्यासारखं होतंच काय? पावसात भिंतीचा कूड पडायचा, तो नवा घालावाच लागायचा. त्याचा शर्ट उंदरांनी खाल्ला. भात संपायचं. मी वाढत होते, मला तरी कसं ठेवणार? राहिली ती सायकल. ती एकच वस्तू अशी होती जी खरोखर आहे तशी ठेवता येत होती. आई कोणाला सांगायची नाही, पण एकदा मला म्हणाली होती, "ती हलली नाय तोवर तो पण तसाच हाय." मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. मला ते अगदी पटलं होतं.

बाजाराच्या दिवशी ती तलासरीला जायची. ती ज्या वाडीवर कामाला होती तिथले बाजूला काढलेले फुटके चिकू, कधी शेवग्याच्या शेंगा, जे असेल ते विकायची आणि मग चिंचेखाली जाऊन बसायची. खाली पडलेल्या चिंचा गोळा करायची, कागदाच्या पुडीतलं जाडं मीठ काढायची, दोन्ही हातांवर चोळून त्याने सायकल घासायची. हँडल, रिमच्या कडा, सीटखालचा चकचकीत पाईप. घरचा पितळी हंडा ती असाच घासायची आणि तो सोन्यासारखा निघायचा. मग ओल्या फडक्याने पुसायची आणि कपाळाला लावतात तसं चिमूटभर कुंकू हँडलच्या मधोमध. पाईपवरून आंबट खारं पाणी ओघळायचं, सांध्यापाशी जाऊन आत उतरायचं. मी कितीदा ते बघितलंय. दिसायला सायकल नव्यासारखी. येणारे-जाणारे म्हणायचे, वा, काय ठेवली आहे.

त्या वर्षांची आठवण काढायला गेलं की मला ऋतू सापडतात, पण वर्षं सापडत नाहीत. कोणतं आधी, कोणतं नंतर, काही लागत नाही. पळसाची पानं फुटलेली, मोहाची फुलं वेचताना हाताला लागलेला चिकट वास, आवणीच्या, भात लावायच्या चिखलात पायांच्या बोटांत होणारी कुई, ती खाज, आणि या सगळ्यातून अधूनमधून एक यादी यायची. पलीकडून अमुक माणसं सोडणार, ही त्यांची नावं. यादी आली की बायका तलासरीला पळायच्या. ज्याच्याकडे मोबाइल तो बोट वर सरकवत नावं वाचायचा, आणि सगळ्या त्या बोटाकडे बघत राहायच्या. आमच्या भागातली दोन नावं एकदा लागली. त्यांच्या घरी ताडी आणि गाणं झालं. आई त्यांच्याकडे भाकरी भाजायला गेली, आणि परत येऊन हात धुतल्यावर तिने मला सांगितलं की त्यातल्या एकाला सावलीत बसायला आवडत नाही, तो अंगणातच बसतो. आम्ही दोघी चुलीसमोर बसून राहिलो. मला घराबाहेर कुठेतरी निघून जावंसं वाटायचं आणि जायला जागाच नसायची. शाळा आठवीपर्यंत पाड्यातच. शेत दोन बांधांचं. आई वाडीवर. आणि सगळीकडे तेच वाक्य, आहे तसंच ठेवा.

२०१७ च्या जूनमध्ये मी नववीत गेले, आणि नववी तलासरीला होती.

सात किलोमीटर जायचे, सात यायचे. हायवेपर्यंत येणारी जीप सकाळी माणसं भरून जायची आणि पोरींना टपावर बसवायची नाही. पहिले पंधरा दिवस मी चालले. शाळा सुटून घरी येईपर्यंत दिवे लागायचे. मग पावसाने ओढा भरला आणि दोनचार दिवस गेलेच नाही. गुरुजींनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की महिनाअखेर हजेरी नाही भरली तर नाव कमी करीन. इकडे मामी येऊन बसली होती. ती डहाणूकडे चिकूच्या वाडीत कामाला होती, राहायची सोय तिथेच. म्हणाली, "पोरीला माझ्याबरोबर दे. खाऊन-पिऊन राहील. शिकून कोण कुठं गेलंय?" आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी माझे दोन ड्रेस पिशवीत भरून ठेवले होते, कोणीच काही म्हणायच्या आधी. मी खरंच जाऊ शकते हे मला आईला दाखवायचं होतं.

तेव्हा मी सायकल मागितली. तोपर्यंत ती मागायची हिंमत मला झाली नव्हती.

"उंची तुझी नाय," आई म्हणाली.

"सीट खाली करता येते."

"त्यानं काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "मग मी मामीबरोबर जाते." आणि खरंच पिशवी उचलली. मला आठवतं, आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती दोन्हीकडून कोंडली गेली होती, आणि कोंडलं मी.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी काकांपुढे उभ्या राहिलो. आईने अटी घातल्या. पाईपावर लाल रंगाची खूण करायची. बा आला की त्याच खुणेवर परत आणायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही. काकांनी मान हलवली, रंगाची डबी आणली, काडीने खूण केली. मग पाना लावून बोल्ट अर्धी चिमूट आवळला, सोडला. बोल्ट सुटला. त्यांनी सीट दोन्ही हातांनी धरून पिळली. काही झालं नाही. परत पिळली. सायकलच आख्खी फिरली, पण पाईप आत जसा होता तसा.

काका वाकून सांध्यात बघत राहिले. बोटाने काहीतरी खरवडलं, ते दोन बोटांत चोळलं आणि आईकडे बघितलं. "जाम छे," एवढंच म्हणाले. "ठेवून जा. शांतिथी काढू."

पुढचे तीन आठवडे त्या पाईपाभोवती गेले. रोज शाळा सुटली की मी दुकानात. वरून घासलेट सोडून झालं. मग काकांनी सायकल उलटी केली, पायडलचा आस बाहेर काढून खालच्या बाजूने घासलेट ओतलं, म्हणजे पाईपच्या दुसऱ्या तोंडाशी पोचेल. रात्रभर तशीच उलटी. मग चारी बाजूंनी ठोकणं. सीट काढून तिच्या जागी लांब सळई घातली, मी एका टोकाला आणि काका दुसऱ्या टोकाला, बैल तेलाच्या घाण्याला फिरतो तसं आम्ही जोर लावला, सळई वाकली. चहावाल्याकडून उकळतं पाणी आणून सांध्यावर ओतलं. चिंध्या गुंडाळून पेटवल्या. रंग जळला, फोड आले, लाल खूण काळी पडली. काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढी वर्षं पाने हातात आहेत," ते म्हणाले, "पण असं घट्ट बसलेलं नाही पाहिलं."

आई बाजाराच्या दिवशी येऊन फ्रेम धरून बसायची. आम्ही जोर लावायचो तेव्हा ती डोळे मिटायची. मला कळत होतं ती मनात काय म्हणतेय. सुटू नको, सुटू नको. मी तेव्हा तिचा फार राग राग करायचे. मला वाटायचं, हिला नवरा पाहिजे तो तिकडे, आणि मी इथे असून दिसत नाही. एकदा मी ते बोलूनही गेले. काकांनी हातोडी खाली ठेवली आणि दुकानाच्या पुढच्या बाजूला निघून गेले. आई माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "घासलेट उडालं तुझ्या डोळ्यात. पूस."

महिना संपायला चार दिवस राहिले होते. काका म्हणाले, आता एकच. पाईप कापायचा. वरचा भाग जाईल, आतला तुकडा कापून कापून काढावा लागेल. नवा पाईप घालून देतो, हवा तेवढा खाली.

"कापल्यावर परत जोडता येतं?" आईने विचारलं.

"नाही, बेन."

आई उठली. आम्हांला वाटलं ती चालली. तिने पदर खोचला, सायकल दोन गुडघ्यांत धरली आणि त्या पाईपाला दोन्ही हातांनी मिठी मारून वर ओढायला लागली. ती काही बोलत नव्हती. मानेच्या शिरा फुगल्या, बांगडी पिचली, पाय मातीत रुतले. तिने डावीकडे पिळलं, उजवीकडे पिळलं, परत ओढलं. मी पुढे झाले तर काकांनी मला हाताने मागे धरलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. चहावाल्याकडची माणसं बघायला उभी राहिली होती. मग तिने हात सोडले. तळवे लाल झाले होते.

"कापा," ती म्हणाली.

काकांनी करवतीला नवं पातं लावलं. तो आवाज मला अजून दाताखाली ऐकू येतो. आईने फ्रेम धरून ठेवली होती, वासराला डाग देताना धरतात तशी, घट्ट आणि मान वळवून. वरचा तुकडा सुटून मातीत पडला तेव्हा तो फार लहान वाटला. मग काकांनी नुसतं पातं चिंधीत धरून आतल्या तुकड्याला उभी चीर पाडली. त्याला दोन तास लागले. छिन्नीने कडा आत वळवली, पक्कडीत पकडलं, आणि एकदम, काहीच नसल्यासारखा, तो तुकडा बाहेर आला.

त्याला बाहेरून पांढरट-लाल पापुद्रा होता, नखाएवढा जाड. काका तो फेकणार होते, पण आईने हात पुढे केला. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि बोट जिभेला लावलं.

"मीठ," ती म्हणाली.

आईने चिंचेकडे वर बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "मीच जाम केली," ती म्हणाली. "मीच."

"वेळ पण झाला होता ने, बेन," काका म्हणाले. "गंज तो लागतोच."

पुढे कितीतरी दिवसांनी मी काकांना विचारलं, तुम्हांला पहिल्यापासून माहीत होतं ना, चिंच-मिठाने काय होतं ते? मग तिला थांबवलं का नाही? काका एका चाकाचे आरे ओढत होते. म्हणाले, "थांबवलं असतं तर ती इथे येऊन काय करणार होती, दीकरी?"

मी त्या सायकलवरून नववी केली, दहावी केली. नवा पाईप आखूड होता, पाय पुरायचे. सायकलवरून रस्ता पहिल्यांदाच मला समोरून दिसला. पहिल्या आठवड्यात मी दोनदा पडले आणि दोन्ही वेळा स्वतःवरच हसले, कारण घाट उतरताना किती वारा लागतो ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. तेवढाच एक वारा त्या वर्षांतला माझा. घरी मात्र आई गप्प झाली. बाजाराला गेली तर चिंचेखाली बसायला तिला कारण उरलं नव्हतं. यादी आली की आता ती पळायची नाही, सावकाश चालत जायची, आपलं नाव त्यात नसणारच आहे असं ठरवून. तिने तोंडाने कधी म्हटलं नाही, पण तिचा हिशोब मला कळत होता. त्याने एकच गोष्ट सांगितली होती आणि तिने ती मोडली.

२०१९ साली बाचं नाव लागलं.

तलासरीला बसमधून तो उतरला तेव्हा वाकून उतरला, पण आता दारापेक्षा जास्त वाकून. कोणी हार घातले, फोटो काढले. तो जमिनीकडे बघत होता. घरी आल्यावर पहिले काही दिवस तो दारापाशी जाऊन थांबायचा आणि आमच्यापैकी कोणाकडे तरी बघायचा. आधी आम्हांला कळेना. मग कळलं, तो बाहेर जायला विचारतोय. आई म्हणायची, "जा ना." मग तो जायचा, अंगणाच्या कडेपर्यंत, आणि परत यायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो सायकलपाशी गेला. मी आणि आई दोघी उंबऱ्यात. त्याने टायर दाबले, अंगठा सीटवर ठेवला, मग पाईपवर. नवा पाईप. आई पुढे गेली आणि त्याच्यासमोर खाली बसली.

"तुझं ऐकलं नाय मी," ती म्हणाली. "तशीच ठेव म्हटलंस, मी कापली."

बा तिच्याकडे कितीतरी वेळ बघत होता. त्याला काही आठवायचं असावं आणि आठवत नसावं, असा चेहरा. मग म्हणाला, "बरं केलंस."

आईला ते पुरलं नाही. ते मला तिच्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, चल, मनुभाईकडे जाऊन येऊ. मला कॅरिअरवर बसवलं. माझ्या उंचीच्या सीटवर त्याचे गुडघे दोन्हीकडे बाहेर जात होते, पण उतरायला तो तयार नव्हता. ओढ्यापाशी चढ आला तसा तो थांबला, पाय टेकले आणि मागे न बघता बोलायला लागला. परत आल्यापासून तो एवढं सलग बोलला नव्हता.

"मी तसं नव्हतं सांगितलं," तो म्हणाला. "मी म्हटलेलं, सायकल घरी आणा. पोर मोठी होतेय, तिला द्या, सीट खाली करून द्या. लिहिणारा एकच होता आमच्यात, माणसं चाळीस. कागद मोजून मिळायचा. त्यानं सगळ्यांना एकच पत्र लिहून दिलं. आमी आपला अंगठा दिला."

पाणी वाहत होतं. मी विचारलं, "आईला सांगू?"

"नको," बा म्हणाला. "तिनं तीन वर्षं राखली ना."

चढावर सायकल हातात धरून चालू लागण्याआधी तो वळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ?" मी सोळा वर्षांची होते. मी म्हटलं, "जा, बा." आणि तो चढायला लागला.

परवा घरी पोचले तेव्हा आई अंगणात हंडा घासत बसली होती. रसवंतीचं, चिंच कापल्याचं मी तिला सांगितलं. तिने हंडा उलटा केला. मग म्हणाली, आयुष्यात मी त्याचा शब्द एकदाच मोडला, आणि तो तिथेच, त्या झाडाखाली. आता इतकी वर्षं झाली, बा चांगला बोलतो-चालतो, शेजारी जाऊन गप्पाही मारतो, तरी ती हे दर वर्षी एकदा तरी म्हणते. आणि दर वेळी बाचं ओढ्यापाशीचं बोलणं माझ्या तोंडाशी येतं. सांगितलं तर ती त्या गुन्ह्यातून सुटेल. पण मग तिची ती तीन वर्षं, बाजाराच्या दिवशीचं ते चालणं, ते कुंकू, तिला कळेल की ते त्याने मागितलंच नव्हतं. यातलं कोणतं आधी सोडवायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी तिच्याशेजारी बसते, हंड्याची दुसरी बाजू घासायला घेते, आणि गप्प राहते.